दारोदारचं पाणी

१२ एप्रिल, रविवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे बसूनच घातलाय, गोड मानून घे. मी बरी आहे, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेते. भावजींचा खोकला थांबला का? हे सगळं फोनवर विचारता येतं, पण फोन लावला की लेक शेजारी येऊन बसते आणि आपण दोघी नुसत्या हवापाण्यावर बोलत राहतो. म्हणून पत्र.

तू दर वेळी विचारतेस, "माणसं कशी आहेत गं तिकडची?" आता सविस्तर ऐक.

आपली आई कुणाच्या घरी पहिल्यांदा गेली की तहान नसली तरी पाणी मागायची, आठवतं? पेला कसा पुढे येतो त्यावरून ती अख्खं घर ओळखायची. तुझं सासर तिने पास केलं आणि माझं नापास, पण तेव्हा तिचं ऐकतंय कोण! तर लेकीकडे या परक्या देशात आल्यापासून मी तेच चालवलंय. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायला गेली की मी पायात बूट अडकवून निघते आणि दारोदार पाणी मागत फिरते. भाषा येत नाही. अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवते. पहिल्या दिवशी न्हाव्याला वाटलं, म्हातारीला दारू हवीय!

अगं, चेहरे बघशील तर वाटेल, सगळ्यांचं आत्ताच कुणीतरी गेलंय. हसणं नाही, या-बसा नाही. औषधाच्या दुकानातली बाई तर कपाळाला आठ्या घालूनच जन्मली असावी. पण तिने काय केलं? रांग तशीच सोडून आतून खुर्ची आणली, मला खांद्याला धरून बसवलं, पाणी दिलं आणि न विचारता दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. रांगेतलं कुणी हूं की चूं केलं नाही. न्हाव्याने अर्धी दाढी झालेल्या माणसाला फेसात ठेवून पेला विसळला, उजेडात धरून बघितला, मग भरला. परवा रस्ता चुकले, तर टपालवाला आपली ढकलगाडी घेऊन मला दारापर्यंत सोडून गेला. वाटेत एक शब्द नाही. जाताना तेवढा जिन्यातला दिवा लावून दिला. मला रडूच आलं, ताई. आपल्याकडेही कुणी सोडलं असतं म्हणा, पण आधी चार चौकशा केल्या असत्या.

तू म्हणशील, ही भारावली. भारावलेच. पण खरं सांगू? मला रागही येत होता. रोज परतताना वाटायचं, मेल्यांनो, एकाने तरी हाकलून द्या मला!

तुला सांगितलं नव्हतं. लेकीची इथली नोकरी कायमची होतेय. महिनाअखेर सही करायची आहे. मी आले त्याच दिवशी म्हणाली, "आई, तू तिकडे एकटी आहेस. तू नुसतं 'चल' म्हण, मी बॅग भरते." ही कार्टी हट्टाला पेटली असती तर मी भांडले असते. हिने सगळं माझ्यावर सोडलं. 'मला करमत नाही' हे माझ्या तोंडून निघेना, म्हणून म्हटलं, एक उद्धट माणूस सापडू दे, मग सांगते की बाई, असल्या लोकांत नको राहूस. ती परत येईल म्हणून तू तुझ्याकडची वरची खोली रंगवून घेतलीयस, तेही डोक्यात होतंच.

आणि काल सापडली! खालच्या मजल्यावरची बाई. मी खलबत्त्यात लसूण कुटत होते, तर दार धाडधाड वाजलं. उघडलं तर ही समोर, केसांना क्लिपा, हातात झाडू. मला बघितलं आणि झाडू खाली केला. ओशाळून मान हलवली, परत फिरायला लागली. तेवढ्यात लेक तोंड धुताधुता बाहेर आली आणि बाईचं तोंड सुटलं.

लेकीने ऐकून घेतलं असेल? छे! कमरेवर हात ठेवून तिच्याच भाषेत असं सुनावलं की मला आपली आईच दिसली. मला शब्द कळत नव्हते, पण जिन्यातली सायकल, रेडिओ, केराची बादली, सगळ्याकडे बोटं दाखवून झाली. मग बाईने बोलता बोलताच आपल्या बाहीने लेकीच्या गालाचा साबण पुसला आणि दोघी फिसकन हसल्या. थोड्या वेळाने तीच वर आली, खलबत्त्याखाली घालायला जाड घोंगडी घेऊन.

मी लसूण तसाच टाकून बसले. ताई, मी टुरिस्ट. चार दिवसांची पाहुणी, म्हणून मला जो तो पाणी देतो. हिच्याशी मात्र दार बडवून भांडतात. माझ्या सासरी मी जन्मभर पाहुणीसारखी वागले गं, एकदाही कुणाशी असं मोकळं भांडले नाही. ही इथे घरची झालीय.

आज चहा पिताना तिने विचारलं, "मग आई, काय ठरलं?"

म्हटलं, "सही कर. आणि त्या सायकलीचं एकदाचं मिटवून टाक."

ती रडली. मी ती आंघोळीला गेल्यावर, आत्ता, रडून घेतेय.

वरची खोली वाया जाणार नाही, मीच येते राहायला. पण आल्यावर मला पाणी विचारत बसू नकोस. दारातूनच भांडायला लाग.

तुझी, एकटीच परत येणारी,
चिमी