हुबेहूब

अप्पा, तुम्ही रंगवलेल्या एकाही चेहऱ्यावर कधी डाग नसायचा, हे मला खटकायला लागलं तेव्हा मी दहावीत होते. त्याआधी बसवकल्याणच्या टॉकीजबाहेर तुमचा नवा बोर्ड चढला की मी शाळेतून येताना मुद्दाम त्या रस्त्यानं यायची. पत्र्यावर चौकटी आखून, एका हातात सिनेमाबरोबर आलेला फोटो धरून तुम्ही दोन माणसांच्या उंचीचा हिरो उभा करायचात, आणि तो फोटोपेक्षा उजळ, फोटोपेक्षा तरणा असायचा. त्या वर्षी एक सिनेमा आला, त्यातला हिरो दगडाच्या खाणीत राबणारा, तोंडभर देवीचे वण असलेला. गालाचा रंग भरायचं काम माझ्यावर सोपवून तुम्ही चहाला गेलात. मी फोटोत बघून एकेक वण काढत बसले. तुम्ही परत आलात, टर्पेंटाइनचं फडकं उचललंत आणि सगळा गाल पुसून टाकलात. मग म्हणालात, "वण घरोघर हायत. ते बघायला कोण तिकीट काढंल?" मी म्हणाले, सिनेमात तो तसाच आहे. तुम्ही म्हणालात, सिनेमा आत आहे, बोर्ड रस्त्यावर आहे, आणि पुन्हा सपाट गुलाबी गाल भरायला लागलात.

माझा राग त्या हिरोसाठी नव्हता, हे तुम्हाला कळलं होतं का, मला माहीत नाही. माझ्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग आहे. तीन वर्षांची असताना कढईतलं तेल उडालं, तेव्हाचा. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. वेणी घालताना आई त्या बाजूचे केस जरा सैल सोडायची, एवढंच.

पुढं घरचे माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा स्टुडिओतून काढून आणलेला माझा फोटो तुम्ही दोन दिवस स्वतःजवळ ठेवलात. मला वाटलं, पाकिटात घालून मध्यस्थाकडं दिला असेल. उमरग्याचे पाहुणे आले त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते. मुलाची आत्या माझ्याकडं बघते, मग पिशवीतून फोटो काढते आणि माझ्या तोंडाशेजारी धरते. फोटोतला माझा गाल गुळगुळीत आहे. इतकं बारीक काम की मलाच क्षणभर वाटलं, डाग पडला नसता तर मी अशी दिसले असते. आत्यानं तुम्हाला विचारलं, फोटोतली मुलगी हीच का. तुम्ही "हीच" म्हणालात आणि खाली सतरंजीकडं बघत राहिलात. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. ते गेल्यावर मी तुम्हाला एकच विचारलं, "मी हाय तशी तुमाला नको व्हते का, अप्पा?" तुम्ही भरलेले कप उचलून आत नेलेत. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुन्हा फोटो काढायला मी कधी गेले नाही, आणि तुम्हीही तो विषय काढला नाहीत.

कामासाठी हैदराबादला निघाले तेव्हा तुम्ही स्टँडवर आलात. बस सुटायच्या आधी खिडकीतून कापडात गुंडाळलेले तीन ब्रश दिलेत. माझ्या हाताला बसतील असे दांडे कापून घासलेले होते. ते तुम्ही कधी केलेत ते मला दिसलं नव्हतं. मी ते घेतले आणि पिशवीत ठेवले.

इथं आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग एका कारखान्यात लागले. तिथं परदेशातल्या हौशी लोकांसाठी सिनेमातल्या पात्रांच्या फूटभर उंचीच्या मूर्ती तयार होतात. कपडे शिवलेले, बुटाला खऱ्या नाड्या, आणि डोकं लिंबाएवढं. त्या लिंबाएवढ्या डोक्यावर पापण्या, शिरा, दाढीचे खुंट, सगळं रंगवायचं. ही मूर्ती खेळण्यासाठी नसते, अप्पा. माणसं ती काचेच्या कपाटात ठेवतात आणि सिनेमा थांबवून थांबवून तिच्याशी ताडून बघतात. तुमचं-माझं भांडण मला तिथं गिऱ्हाइकांच्या पत्रांत रोज वाचायला मिळायचं. कुणी लिहायचं, चेहरा पडद्यावरच्यासारखा नाही. कुणी लिहायचं, पडद्यावरच्यासारखा आहे, पण आमच्या मनातला हा नव्हे, आमचा हिरो इतका थकलेला नव्हता. आमची मालकीण तेलुगू बाई, शांत स्वभावाची. ती म्हणायची, गिऱ्हाईक सिनेमा एकदा बघतं, आठवतं मात्र शंभरदा, तेव्हा जरा आठवणीतलं कर. मी ऐकायची नाही. त्या दृश्यात त्याचा डोळा सुजलेला असेल तर मी सुजलेलाच रंगवायची. हळूहळू डाग, जखमा, म्हातारपण असलेलं प्रत्येक डोकं माझ्याच टेबलावर यायला लागलं. मला त्याचा अभिमान होता. संध्याकाळी खोलीवर येऊन एकटीचा भात टाकताना मनातल्या मनात मी तुमच्याशी वाद घालायची आणि दर वेळी जिंकायची. दिवसभर तेलुगू आणि दखनी बोलायची. मराठी फक्त आईच्या फोनपुरती उरली होती, आणि फोनवर तुम्ही यायचा नाहीत.

तिकडं फ्लेक्स आले आणि टॉकीजनं तुम्हाला बोलावणं बंद केलं. शाळांच्या भिंतींवर नकाशे रंगवताय असं आईनं सांगितलं, आणि मग एकदा सांगितलं की तुम्हाला लकवा मारला. मी आले. तुमचा उजवा हात मांडीवर पडून होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला बघून तुम्ही पटकन मान भिंतीकडं वळवलीत. त्यानंतर मी वर्षातून दोनदा यायची आणि तुम्ही दोन्ही वेळा भिंतीकडं बघायचात. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

वर्षश्राद्धाला मी तुमची मूर्ती करून आणली. डोकं मीच घडवलं, मीच रंगवलं. पांढरा सदरा, त्यावर रंगाचे शिंतोडे, पायात चपला. कारखान्यात सगळे बघत राहिले होते. मालकीण तुम्हाला कधी भेटली नव्हती, तरी म्हणाली, हा माणूस जिवंत आहे. मी ती आईपुढं ठेवली. आईनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि मूर्ती उचलून तिचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"त्येनी तुझा डाग पुसला तर तू आठ दिस बोलली न्हाईस," आई म्हणाली. "आता तू त्यांचं तोंड वाकडं करून आणलीस. कामून?"

मी म्हणाले, ते तसेच होते. मी जसं बघितलं तशी मूर्ती केली.

"तू शेवटची तीन वर्सं बघितलीस. मी चाळीस बघितली."

मग तिनं अजून एक सांगितलं. फोटो तुमच्याजवळ होता त्या दोन दिवसांत तुम्ही त्यातला माझा गाल तीनदा रंगवून तीनदा पुसला होतात, चौथ्यांदा तसाच ठेवलात. असं करू नये असं तुम्हालाच वाटत होतं. पण पोरीला कुणी दारातूनच नको म्हणू नये, एकदा समोर बसून बोलली की लोकांना ती कळेल, असं तुम्ही आईला म्हणाला होतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी चार दिवस जास्त राहिले. आई सांगत गेली, मी दुसरं डोकं घडवत, रंगवत गेले. हसताना डावा डोळा आधी बारीक व्हायचा, वरचा ओठ मिशीखाली झाकलेला असायचा, काम जमलं की जीभ दातात धरायचात. हे सगळं मी पाहिलं असणार, पण मला आठवत नव्हतं. शेवटी आई नुसतं "व्हय" म्हणाली आणि मूर्ती देवाच्या फळीशेजारी ठेवली. मी सांगते, अप्पा, तो माणूस तुमच्या बोर्डावरच्या हिरोसारखा आहे, जरा जास्तच उजळ. तरी मला आता तुमची आठवण आली की तोच डोळ्यांपुढं येतो.

याला बरीच वर्षं झाली. हा कागद मी बसवकल्याणला नेणार नाही. घरात सापडला तर आई शेजारच्या कुणाकडून वाचून घेईल, आणि एक गोष्ट मला तिला कळू द्यायची नाही. आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आले की मी डोळ्यांना दिसतं तेवढंच रंगवते. पण त्या पहिल्या डोक्यावरचा ओठ मी दोनदा खाली ओढला होता. तुमचा ओठ तेवढा वाकडा झाला नव्हता.