मधल्या जागेतली डिस्क

१२ जानेवारी, सोमवार
आमोदचं मशीन रुसलं. काळ्या पडद्यावर फक्त ‘एरर सतरा’. आधीच्या सोळा चुका कुणी केल्या देव जाणे. सतरावी माझी, यावर घरात एकमत आहे.

झालं असं — माझा कॉम्प्युटर मेला, म्हणून त्यातली डिस्क काढून मी आमोदच्या मशीनमध्ये खुपसली. आमोद म्हणजे नम्रताचा पहिला नवरा. जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या डिस्कवर राधाच्या लहानपणची रेकॉर्डिंग्ज आहेत, बापलेकीच्या गप्पा. दुसरी प्रत कुठेही नाही!

राधा दारातूनच म्हणाली, "काका, तुम्ही हात लावलात का?"

सावत्र बाप म्हणून माझं रेकॉर्ड आजवर स्वच्छ होतं.

१३, मंगळवार
विश्रांतवाडीच्या दुरुस्तीवाल्या रामदासला फोन. "फॉरमॅट मारा साहेब, एकदम नवं होईल!" हा माणूस डॉक्टर झाला नाही, हे पुण्याचं नशीब.

नम्रता : "अहो लेखक, जन्मभर खोडाखोड केलीत. इथे काही पुसू नका."

१४, बुधवार
संक्रांत. राधानं तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली नाही.

१६, शुक्रवार
दिवसभर ‘एरर सतरा’वर वाचतोय. लेख बाजूला पडला, वाचकांची सुटका!

बूटलोडर म्हणजे मशीन लावल्यावर आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा छोटासा प्रोग्राम. हल्लीचे बूटलोडर डिस्कच्या प्रत्येक भागाची लांबलचक ओळखखूण तपासतात. आमोदच्या मशीनमधल्यासारखे जुने मात्र नावानं ओळखतच नाहीत! रांगेत कितवी, एवढंच. तेही शून्यापासून — पहिली डिस्क शून्य, दुसरी एक. डिस्कच्या भागांनाही तोच नियम. आमच्या सोसायटीचा वॉचमन असाच : "पहिल्या मजल्यावरचे साहेब" एवढं ठाऊक. भाडेकरू बदलला तरी सलाम तोच.

१७, शनिवार
राधा वाघोलीच्या कॉलेजातून आली आणि दप्तर फेकून थेट खोक्याशी बसली. मीही बसलो. गुडघे बोलले, ती नाही.

"पहिलीवर नुसता बूटलोडर. बाबाची डिस्क दुसरी. म्हणजे एक नंबर," शेवटी म्हणाली. "तुमची कुठे लावलीत?"

"मधे जागा रिकामी होती…"

"मधे!"

म्हणजे बूटलोडर ‘एक नंबर’ म्हणून आमोदला हाक मारतोय आणि दार उघडतोय मी! माझं घर त्याला वाचताच येत नाही, म्हणून सतरा. आमोद सरकून दोन नंबरवर गेलाय. पुसलं काहीच नाही!

स्क्रूड्रायव्हर उचलला. "माझी काढून टाकतो."

"थांबा हो. आधी विचारू तरी." तिनं काळ्या पडद्यावर टाइप केलं — मशीन उठवणारी फाइल कुणाकडे आहे? उत्तर आलं : डिस्क दोन, भाग शून्य. तोच पत्ता देऊन एंटर — आणि उठलं की मशीन!

मग आवाज. चार वर्षांची राधा : "एक, दोन, तीन…" आणि आमोद : "अगं शहाणे, शून्य कुठे सांडलंस?"

नम्रता हात पुसत येऊन उभी राहिली. राधा हसत होती, नाक ओढत. आपलं इथे काम नाही, म्हणून मी चहा टाकायला उठलो.

"बसा ना. कुठे चाललात?"

बसलो. चहा नम्रतानं केला. साखर जास्त, तक्रार नाही.

१८, रविवार
रेकॉर्डिंग्जच्या प्रती निघाल्या. माझी डिस्क मधेच आहे. सकाळी मशीन लावलं तर राधानं मेनू नव्यानं लिहिलेला — आमच्या दोन डिस्क, दोन ओळी. माझं घर वाचता आलं नाही तरी त्याला दार दाखवता येतं म्हणे. या बूटलोडरला देवनागरी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरं. वरच्या ओळीत — बाबा.

खालच्या ओळीतही — बाबा.

कुठला कोण, ते उघडल्यावरच कळतं. घाईत आधी आमोद उघडला. असू दे.