काकूच्या हातचं दही

लेस्टर
गुरुवार, ७ सप्टेंबर २००६

प्रिय सुप्रभावहिनी,

नमस्कार. भाऊजींनाही आम्हा दोघांचा नमस्कार सांगा. काल तुमच्याकडचं विसर्जन नीट पार पडलं असेल. कॉव्हेंट्री इथून अर्ध्या तासावर आणि मी पत्र लिहितेय, म्हणून हसाल. पण फोनवर मी हवापाण्याचंच बोलत बसेन, हे मला ठाऊक आहे.

इकडे सगळं ठीक. शशीची पाठ पुन्हा धरलीय. स्वतः हाडांचा डॉक्टर, पण व्यायाम करेल तर शपथ. अन्वीची शाळा सुरू झाली.

तिच्या बेसबॉलबद्दल लिहायचंय. मला त्या खेळातलं काय कळतं? मारायचं आणि पळायचं, बस्स. पण दोन वर्षांत तिची टीम ओळीने सव्वीस मॅचेस हरली आणि माझ्यातली डॉक्टरीण कुठल्या कुठे गेली. दर रविवारी तोच हिरवा कार्डिगन. समोरची टीम खेळत असताना फ्लास्कचं झाकण उघडायचं नाही. खुर्ची मैदानाकडे पाठ करून मांडायची, कारण एकदा मी अशी बसले असताना ती फक्त एका रनने हरली होती! आणि निघताना तिच्या तळहातावर दही-साखर. तरी हरायची ती हरायचीच.

मग जूनमध्ये तुम्ही आलात. तुम्ही तिच्या हातावर दही ठेवलंत आणि ती जिंकली. जुलैत पुन्हा आलात, पुन्हा जिंकली. त्या वेळी तर अख्खी टीम हात पसरून रांगेत उभी होती. तो सहा फुटी कोचसुद्धा! सगळे म्हणाले, काकूंचा पायगुण. गाडीत अन्वी म्हणाली, “मम्मी, काकूची हात लकी आहे. लास्ट मॅचला तिला बोलव ना, प्लीज.”

दही त्याच दुकानातलं, साखर तीच. हात तेवढा वेगळा. मी हसले, तुमचा फोटोही काढला. घरी येऊन कार्डिगन कढत पाण्यात मशीनला लावला. तो आता बाहुलीला येईल.

वहिनी, मागच्या शनिवारी मी तुम्हाला फोन करून मॅच पावसामुळे रद्द झाली म्हणाले, ते खोटं होतं. रविवारी लख्ख ऊन होतं. अन्वीला सांगितलं की काकूकडे गणपतीचे पाहुणे आहेत, तिला जमणार नाही. खोटं बोलले ते बोलले, त्यात गणपतीलाही ओढलं.

सकाळी मी तिच्या हातावर दही ठेवलं. आणि ती जिंकली, वहिनी! शेवटचा कॅच तिनेच घेतला म्हणे. म्हणे, कारण मी पाठ करून बसले होते. ओरडा ऐकून वळले तेव्हा पोरं तिला उचलून नाचत होती. मला काय आनंद झाला सांगू! माझा हात, माझं दही. ती धावत आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, “मम्मी, फोन दे. काकूला सांगते.”

तिने स्पीकर लावला होता, तुम्हाला कळलं नसेल. “काकू, तू नाही आली तरी आम्ही जिंकला! मम्मी म्हणाली तुझ्याकडे गेस्ट्स आहेत.”

 तुम्ही म्हणालात, “हो गं बाई, घर भरलंय नुसतं. पुढच्या वेळी नक्की येईन.”

तुमच्या मागे टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. त्या घरात तुम्ही आणि भाऊजी, दोघंच होतात. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही मला लेकीसमोर सांभाळून घेतलंत. तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

काल मी अन्वीला खरं सांगितलं. तिने एकच विचारलं, “पण का?” तिला मी काही सांगू शकले नाही. तुम्हाला सांगते. मला तुमचा हेवा वाटतो. आजचा नाही, ती चार महिन्यांची होती तेव्हापासूनचा. माझ्या परीक्षा, रात्रपाळ्या, आणि सोमवार ते शुक्रवार ती तुमच्याकडे. चार वर्षं. तिचा पहिला शब्द ‘काकू’ होता. शुक्रवारी मी न्यायला आले की ती तुमच्या पायांमागे लपायची, तुम्ही हसत तिला पुढे करायचात, आणि मी गाडीत बसून रडायचे. तुम्ही नसतात तर मी डॉक्टर म्हणून इथे उभी राहिलेच नसते. हे एकदाही तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं की ती अर्धी तुमची, हे कबूल करावं लागलं असतं.

एक गोष्ट तुमच्याशिवाय घडावी असं मला वाटलं, आणि घडली तेव्हा मी पाठ करून बसले होते.

येत्या रविवारी टीमची पिकनिक आहे. मोठ्यांनाही खेळायला लावणार आहेत. तुम्ही या. अन्वी हात पसरेल तेव्हा दही तुम्हीच ठेवा. मी बाजूला उभी राहीन, समोर तोंड करून.

तुम्ही वाढवून दिलेल्या मुलीची आई,
मधुमती