काटा अर्ध्यावर होता

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. माझं दिसलं असतं तर तू ते न फोडताच केरात टाकलं असतंस, आणि त्यात तुझं काही चुकलं नसतं. बावीस वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. वहिनी तुला अधूनमधून फोन करते हे मला माहीत आहे. ती फोन घेऊन गच्चीवर जाते आणि मी खाली रेडिओचा आवाज वाढवतो, म्हणजे मला काही कळलं नाही असं तिला वाटतं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हेही मला असंच न कळता कळलं.

बातमी अशी की बाबांची बोट द्यायची ठरली आहे. घेणारा एक निवृत्त दंतवैद्य आहे. शेडमध्ये येऊन त्यानं ताडपत्री उचलली, डॅशबोर्डपुढे वाकला आणि एकेका मीटरमध्ये असा डोकावला, की आता ‘आ करा’ म्हणतो की काय असं मला वाटलं. लाकूड नवं घाला, इंजिन हवं ते बसवा, पण मीटर मूळचेच हवेत आणि ते चालले पाहिजेत, एवढी त्याची एकच अट. मी नाही म्हणणार होतो. त्या दिवसानंतर मी त्या ताडपत्रीला हात लावला नव्हता. धक्क्यावर जायचं झालं तरी शेडच्या मागून वळसा घालून जायचो. पण माझं तुला माहीत आहे. हे आता होणार नाही असं कुणी म्हणालं, की माझे हात शिवशिवायला लागतात. तोही जाता जाता नेमकं तेच म्हणाला.

पाचही मीटर सोडवून दुकानात बाबांच्या दुरुस्तीच्या टेबलावर मांडले. काचा पिवळ्या पडल्या होत्या, काचेभोवतीच्या पितळी कड्यांवर हिरवट थर चढला होता. तेलाच्या मीटरची कडी काही केल्या निघेना. बाबा ती कशी काढायचे आठवतं? चमच्याच्या दांड्यानं, एका जागी जोर न करता, गोल गोल फिरत, तोंडानं काहीबाही पुटपुटत. तो चमचा आई दर महिन्याला शोधून स्वयंपाकघरात न्यायची आणि बाबा दर महिन्याला परत पळवायचे. तो अजून ड्रॉवरमध्येच आहे. त्यानंच कडी निघाली. वेगाच्या मीटरमधला सातचा आकडाही तसाच आहे. दहा वर्षांचा असताना थुंकी लावून साफ करायला गेलास आणि आकडाच पुसून टाकलास, मग बाबांनी एका केसाच्या ब्रशनं तो पुन्हा काढला, म्हणून त्याला जरा मिशी आहे. दंतवैद्य म्हणाला, तेवढा एक आकडा सरळ करून द्या. मी म्हणालो, तोही मूळचाच आहे, राहू द्या. इतक्या वर्षांत तुझ्या बाजूनं मी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

पेट्रोलचा मीटर मी सगळ्यात शेवटी उघडला. का ते तुला सांगायला नको. टेबलावर बॅटरी जोडून तीन दिवस तपासला. काटा शून्यावरून निघायचा, भरलेल्यावर जाऊन थांबायचा, परत यायचा, कुठे अडकणं नाही की थरथरणं नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हणजे मीटर चांगलाच होता, म्हणजे तू न बघताच गेलास, म्हणजे मी जे बोललो ते बरोबर होतं. साठी उलटलेला माणूस टेबलाशी बसून एवढ्याशा गोष्टीनं खूश झाला होता. मला आता त्या माणसाची किळस येते.

मग वायरी घातल्या. जुन्या कापडी वायरींचा हात लावताच भुगा होत होता, त्या सगळ्या काढल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधली, नव्या ओढल्या. जिथे जिथे वायर लोखंडाला आवळायची तिथे बाबांचा नियम पाळला. आधी खरवड, मग आवळ. खालचा पत्रा चकाकेपर्यंत खरवडायचा, मधे गंज नको, रंग नको. या नियमावरून मी तुला किती छळलं आहे. तुझा प्रत्येक जोड उघडून बघायचो आणि खाली गंजाचा ठिपका जरी दिसला तरी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर तुझी शोभा करायचो. यावेळीही बोटीतला एकेक जोड नव्यानं केला. एकच सोडला, टाकीपाशी अर्थिंगची वायर आवळलेली असते तो. तो माझ्या हातचा होता. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या शेवटच्या आठवड्यात टाकी रंगवून बसवायचं आणि तो मीटर जोडायचं काम मीच केलं होतं. माझ्या हातचं काय तपासायचं?

शुक्रवारी सकाळी बॅटरी लावली आणि चावी फिरवली. दिवे लागले, मीटर उजळले. आणि पेट्रोलचा काटा उठला तो सरळ अर्ध्यावर जाऊन उभा राहिला. टाकी बावीस वर्षं कोरडी आहे, धाकट्या. तिच्यात कोळ्यांनी घरं केली आहेत. आणि काटा अर्ध्यावर. मी काचेवर टिचकी मारली. चावी बंद करून परत फिरवली. तो जागचा हलला नाही.

त्या दिवशी तू हेच सांगत होतास. धक्क्यावर ओलाचिंब उभा होतास, फळीनं बोट वल्हवून वल्हवून तळहात सोलले होते, बाबांना उचलून वर नेत होते, आणि तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास, दादा, काटा अर्ध्यावर होता. मी सगळ्यांदेखत टाकीत काठी घातली आणि कोरडी काठी तुझ्या तोंडासमोर धरली. काटा खोटं बोलत नाही, म्हणालो. निघण्यापूर्वी तू काठी बुडवून बघणार होतास, पण बाबाच म्हणाले की दादानं मीटर जोडलाय, आता काठी कशाला, असंही तू सांगितलंस. त्यावर मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. गेलेल्या माणसावर ढकलतोस, लाज नाही वाटत? इंजिन बंद पडलं नसतं तर छातीत कळ आलेल्या बाबांना तू पंधरा मिनिटांत किनाऱ्याला आणलं असतंस. तुला दोन तास लागले. आई शेडच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

टाकीपाशी आडवा पडून तो नट सोडवला. वॉशरखाली हिरवा रंग होता, अखंड, नुसता पाटीवर घासल्यासारखा एक ओरखडा सोडला तर. मी खरवडलं नव्हतं. रंग छान बसला होता, तो खराब करायचं जिवावर आलं असणार. त्या मीटरचं असं आहे की विजेला वाट मोकळी असली तर रिकाम्या टाकीला काटा खाली राहतो, वाटेत काही आडवं आलं की तो वर चढतो. माझा रंग आडवा आला. पॉलिश पेपर घेऊन चार वेळा घासलं, पत्रा चकाकला, नट आवळला. काटा शून्यावर जाऊन पडला. मिनिटभराचं काम होतं. मी तिथेच पडून राहिलो. वहिनी डबा घेऊन आली तेव्हा मला उठवायला तिला शेजारच्या सुताराला हाक मारावी लागली.

सुताराला सांगितलं. ताईला फोन करून सांगितलं. त्या दिवशी धक्क्यावर जे होते त्यातले जे हयात आहेत त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. एक जण म्हणाला, जाऊ दे रे, जुनी गोष्ट. माझ्यासाठी ती शुक्रवारची गोष्ट आहे.

राहता राहिली आई. तिचं हल्ली सगळं विस्कटलं आहे. बाबा गेले हेच ती विसरली आहे, रोज विचारते अजून कसे आले नाहीत. टाकीचा उरलेला हिरवा रंग मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या स्टुलाला दिला होता, त्याच स्टुलावर ती दिवसभर बसते. तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. बोट तिला आठवेना. तुझं नाव घेतलं आणि तिनं मान फिरवली. तिला म्हणालो, आई, का रागावली आहेस त्याच्यावर? तर म्हणाली, ते आठवत नाही रे, पण त्यानं काहीतरी फार वाईट केलंय. मी म्हणालो, त्यानं नाही, मी केलंय. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, तू कशाला करशील? रोज सकाळी सांगतो. रोज ती हेच म्हणते. माझं जे आहे ते तुझ्या नावावर चढलंय आणि आता ते मला उतरवता येत नाही. ये म्हणायला मला तोंड नाही, माफ कर म्हणायला तर नाहीच. पण ऐकून ज्याला समजेल असा तू एकटाच उरला आहेस, म्हणून माझ्या अक्षरात लिहून देतो, हवं त्याला दाखव. काटा अर्ध्यावर होता. तू खरं बोलत होतास.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा, तरी तुझाच,
दादा