माचिसच्या डबीतले किडे

४ मार्च १९८४, ब्रह्मपुरी
आजपासून खाजवणं बंद. एकदम बंद. मी मलेरिया वर्कर. गावोगाव तापाच्या माणसांचं बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेतो. माझ्याच चामडीत किडे झाले हे कोणाले कळलं तर काय इज्जत राहील?

५ मार्च
खाजवलं. पण किडा पकडासाठी. पकडला! माचिसच्या डबीत ठेवला, वर तारीख टाकली. बायको वच्छला म्हणे, हा माझ्या पातळाचा धागा होय. बाईले निरीक्षण म्हणून नाई.

११ मार्च, सकाळी
डोकं चाललं. किडा काचपट्टीवर चिकटवला अन् तापवाल्यांच्या पट्ट्यांत घुसवून दिला. नाव खोटं टाकलं, सोमाजी, वय चाळीस. आता लॅबच सांगेल.

२२ मार्च
रिपोर्ट आला. रक्त नाही, कापसाचा तंतू. लॅबवाले निव्वळ आळशी.

२७ मार्च
चंद्रपूरले चामडीच्या डॉक्टरकडे गेलो. सात डब्या नेल्या. त्यानं भिंगातून एकेक पाह्यली. म्हणे, किडे नाहीत, जखमा तुमच्याच नखांच्या आहेत. खाज खरी आहे, पण तिचं मूळ मनात आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणजे मी पागल! अन् तेही वच्छलासमोर! बसमध्ये ती रडून राह्यली होती. मी समजावलं, डॉक्टर नवीन आहे.

३ एप्रिल
आनंदीआनंद! गुलाबलेही खाज सुटली. सहा वर्षांची पोर, पण नजर बापाची. कोपर खाजवत आली, म्हणे, बाबा, पाहा, किडा. मांडीवर घेतलं तिले, महिन्यात पहिल्यांदा. वच्छला म्हणे, पोरीले याच्यात ओढाल तर तिले घेऊन नागभीडले माहेरी जाईन. नुसत्या धमक्या.

९ एप्रिल
फवारणीचं औषध गुलाबच्या हाताले चोळलं. थोडंसंच. टरारून फोड आले. वच्छला तिले घेऊन गेली. जाऊ दे. दोन दिवसांत येते.

२१ एप्रिल
आली नाई. मेव्हणा श्रावण सांगून गेला, गुलाबची खाज तिसऱ्याच दिवशी गेली. म्हणजे माझं औषध लागू पडलं! पण उपकार मानते कोण?

२९ एप्रिल
नागभीडले गेलो. गुलाब अंगणात पोरींसंग खेळून राह्यली होती. हात साफ. मले पाह्यलं अन् खेळ सोडून कोपर खाजवू लागली. खाजवतच धावत आली, म्हणे, बाबा, किडा.

नीट पाह्यलं. काहीच नोहतं. पोरीचा नुसता हात.

तरी मोठ्यानं म्हटलं, हो बेटा, आहे. नाई म्हटलं असतं तर माझ्याही अंगात नाईत असं झालं असतं.

वच्छलानं ऐकलं. पोरीले उचलून आत नेलं अन् कडी लावली. आत गुलाब रडत होती. मी बराच वेळ उभा राह्यलो, मग साडेचारच्या बसनं परत आलो.