भिंतीवरची काच

३ जुलै
हॉस्टेल बाद. म्हणजे मी नाही केलं, त्यांनीच मला बाद केलं. रेक्टर यायच्या आधी त्याच्या खुर्चीवर 'रंग ओला आहे' असा कागद चिकटवून ठेवला होता. बिचाऱ्याने उभ्या उभ्या सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या. शेवटी बोट लावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. संपलं.

आता उरली मावशी. मावशी झकास आहे, पण तिचा नवरा! घरात सगळे त्याला मागून हवालदार म्हणतात. दारात चपला एका रेषेत. नऊला दिवे बंद. वर त्यांच्या कार्ट्याला गणित मी शिकवायचं — मी! माझंच गणित देवाच्या भरवशावर.

५ जुलै
खोली सापडली!! कॉलेजच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, जिना वेगळा. खाली मालक आणि काकू. मालक गवंडी होता. आता म्हातारा झालाय, पण असा ताठ उभा राहतो की मी लगेच नाव ठेवलं — ओळंबा. खिशात खरंच ओळंबा असतो, भिंत सरळ आहे का बघायचा, दोरी गुंडाळलेला.

एकच भानगड. शेजारच्या प्लॉटवर मोठी बिल्डिंग होणार, त्याचा खड्डा खणताहेत. त्या बाजूच्या भिंतीला भेग गेलीय. माझ्या कॉटमागे सुरू होते ती थेट खाली काकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत. भेगेवर ओळंब्याने काचेच्या आडव्या पट्ट्या बसवल्यात, एक वर, एक खाली. दोन्ही टोकांना प्लास्टर, आणि ते ओलं असताना खिळ्याने तारीख कोरलेली. तो म्हणाला, भिंत हलते ती केसभर, डोळ्याला कळत नाही. काचेला कळतं, ती तडकते. तडकली की घराला कुलूप लावायचं आणि मुलाकडे जायचं, असं त्याचं ठरलंय.

काकू आतून म्हणाल्या, "सुनेच्या दारात? मी इथून आडवीच निघेन."
"निघशील, निघशील," ओळंबा म्हणाला.
दोघं हसले. मीपण.

८ जुलै
बाबांचा फोन. ट्रक घेऊन कुठेतरी लांब आहेत. म्हणाले, तोवर राहा. पण खोली मी डोळ्यांनी बघणार. पटली तर ठीक, नाहीतर बोचकं उचलायचं आणि मावशीकडे.

१२ जुलै
आलो राहायला. स्वतःची किल्ली! दोनदा उगाच कुलूप लावून उघडलं.
खड्ड्यातलं मशीन दिवसभर धडधडतं. तांब्यातलं पाणी थरथरतं. सवय होईल.

१९ जुलै
काच तडकली. मधोमध. कॉटखाली बूट शोधताना दिसली.

बाबा रविवारी येणार. सांगितलं तर ओळंबा घराला कुलूप लावणार आणि मी हवालदाराच्या दारात चपला लावत बसणार.

संध्याकाळी — काम फत्ते! फ्रेमवाल्याकडून काचेची पट्टी कापून आणली, प्लास्टर कालवलं, वर धूळ चोळली म्हणजे जुनाट दिसेल. तारीख हुबेहूब जुनीच घातली. प्रगतिपुस्तकांवर बाबांच्या सह्या करून करून हात बसलाय. शिक्षण कुठेच वाया जात नाही.

मग पाणी मागायच्या निमित्ताने खाली जाऊन बघितलं. खालची काच अख्खी. म्हणजे भिंतीला काही झालेलं नाही. माझीच काच भिकार निघाली असणार.

२२ जुलै
बाबा येऊन गेले. टायरवर मारतात तशी भिंतीवर थाप मारून बघितली. मग कॉट सरकवून भेग बघितली आणि माझ्या बोचक्याकडे बघितलं. मी म्हटलं गेली खोली! तेवढ्यात ओळंबा पुढे झाला. त्यांना वरची काच दाखवली, खाली नेऊन खालची दाखवली, तारखा वाचून दाखवल्या.
"या दोघी धड आहेत तोवर पोराची काळजी माझी," म्हणाला.
बाबा म्हणाले, "मग तुमच्यावर सोडलं."
जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाहीत. मला हसू यायला पाहिजे होतं.

२९ जुलै
पुन्हा तडकली. बदलली. खालची अख्खी.

३१ जुलै
दार आता खांदा दिल्याशिवाय उघडत नाही. ओळंबा म्हणतो लाकूड फुगलंय. काकूंना विचारलं, तुमची खिडकी लागते का नीट? त्या एकदम म्हणाल्या, तुला काय करायचंय आमच्या खिडकीशी? एरवी माझ्याशी असं कधी बोलत नाहीत. मग स्वतःच हाक मारून खायला दिलं.

४ ऑगस्ट
परत. फ्रेमवाला विचारतो, "एवढ्याशा पट्ट्या कशाला रे? मुंग्यांचे फोटो लावतोस का?" चांगला जोक होता. मी पैसे टेकवून निघालो.

या वेळी तुकडे काढण्याआधी भिंतीवरच जुळतात का बघितलं. जुळत नाहीत. मधे जागा राहते.

खालची अख्खी. रोज बघतो. ती आहे म्हणून झोप लागते.

७ ऑगस्ट
ओळंबा खुशीत आहे. म्हणतो एवढा खड्डा खणला तरी एक काच हलली नाही, असं बांधलंय मी घर! आता गच्चीवर मोठी टाकी बसवणार. कुठे? या भिंतीच्या डोक्यावर. कारण तीच सगळ्यात जाड.

मी म्हटलं, काका, एवढी मोठी कशाला? घर बसेल खाली.
तो खो खो हसला. "याला अंघोळ नको, म्हणून बघ कसा घर बसवतोय!"

मी खरंच बोललो होतो. पण माझं खरं कोण धरणार? इतके दिवस थट्टाच करत आलो.

९ ऑगस्ट
टाकी काल चढली. आज सकाळी मी कॉटवर बसलो होतो आणि काच माझ्यासमोर तडकली. टक् असा आवाज. बोटाने नखावर टिचकी मारावी तसा. मग भेगेतून वाळू गळायला लागली. थोडी थोडी, पण थांबत नाही.

बस. सांगून टाकतो. मावशी तर मावशी. हवालदाराच्या चपला लावीन, कार्ट्याला पाढे शिकवीन. ओळंबा वर नळ जोडतोय, त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही. आधी काकूंना सांगतो. त्या मारतील, पण त्याला समजावतील.

९ ऑगस्ट, दुपार
आम्ही तिघं समोरच्या फुटपाथवर. ओळंब्याला हाताला धरून खाली आणलं. तो नुसता घराकडे बघतोय. टाकी भरत आलीय, नळ बंद करायला वर जायला मी कुणाला दिलं नाही.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. पांढऱ्या पडल्या. माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "वरची अख्खी आहे म्हणून तर मी खालची बदलत होते रे."