दुसऱ्या बटणाची रुंदी

३ मार्च, मंगळवार

दिवस वाया. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपमधला सगळ्यात साधा पडदा — वर गोळीचं नाव, खाली शेजारी शेजारी दोन बटणं. 'गोळी घेतली' आणि 'गोळी घेतली नाही'. शेंबडं पोर कागदावर काढून देईल. मला नऊ तास लागले.

हे नवं साधन म्हणे हुशार आहे. आपण जागा सांगायची नाही, फक्त नियम सांगायचे. हे बटण कडेपासून इतकं लांब, ते ह्याच्या उजवीकडे, अक्षरं कापायची नाहीत, कडेबाहेर जायचं नाही. मग ते स्वतः गणित सोडवून सगळं मांडतं. आणि नियम एकमेकांवर उठले की? त्यातला एक आपल्या मर्जीने मोडतं आणि लाल अक्षरांत चाळीस ओळींचं रडगाणं लिहितं. कुठला मोडला ते शोधा तुम्ही!

प्रत्येक नियमाला वजन देता येतं. हजार म्हणजे मोडायचाच नाही. मी सगळ्यांनाच हजार दिलं होतं. घरात सगळेच मोठे झाले की भांडण होणारच.

साहेब तीनदा येऊन गेले. ह्यांना सगळं 'आजच' हवं असतं, म्हणून आम्ही त्यांना आजचसाहेब म्हणतो. "दोन बटणं आहेत ना फक्त?" हो, दोनच आहेत.

शेवटी हात टेकले. दुसऱ्या बटणाच्या रुंदीचं वजन हजारावरून अडीचशेवर आणलं, म्हणजे जागा कमी पडली तर आधी हाच नियम मोडायचा. लाल ओळी गायब. शेजारी लिहून ठेवलं — तात्पुरतं, नंतर बघू.

४ मार्च, बुधवार

पडदा गेला एकदाचा लोकांकडे. आजचसाहेब हसले. दात दिसले त्यांचे.

८ मार्च, रविवार

बाबांकडे. त्यांचे डॉक्टर आमचंच ॲप वापरतात, म्हणून त्यांच्या मोबाईलवर घालून दिलं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी सातला रक्तदाबाची. वाजलं की बटण दाबायचं, नोंद थेट दवाखान्यात.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "आणि नाही घेतली तर? संध्याकाळचीने मला गरगरतं."

"तर हे दुसरं दाबायचं. नर्स फोन करून विचारते का नाही घेतली."

"हे बरं आहे." दोन्ही बटणांवरून त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. चाळीस वर्षं कपाटं केलेला माणूस, खण ओढून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

मी चपला घातल्यावर म्हणाले, अक्षरं दिसत नाहीत गं. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय. दारातच उभ्या उभ्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली. उशीर झाला होता.

११ मार्च, बुधवार

आज ऑफिसात ॲपच्या चुका शोधणारी तपासणीवाली विचारत होती, "मोठ्या अक्षरांवर बघितलंस का सगळं?"

म्हटलं, यादीत टाक. तिची यादी आधीच हातभर आहे. आणि मी कॅलेंडरच्या पडद्याशी मारामारी करतेय — रविवार सोमवारच्या अंगावर चढून बसलाय. डोक्याचा भुगा झालाय, आणि ही वर नवीन काम देते.

१७ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. बाबांचा रक्तदाब वाढलेलाच आहे. डॉक्टरांनी नोंदी बघितल्या, सगळ्या गोळ्या वेळेवर. म्हणजे गोळीच कमी पडतेय. संध्याकाळची दुप्पट ताकदीची दिली.

मला उगाच बरं वाटलं. निदान नोंदी तरी चोख आहेत.

२१ मार्च, शनिवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

ताई बाबांकडे गेली होती. खणात संध्याकाळच्या गोळ्या सापडल्या. अकरा! आणि दवाखान्यातल्या नोंदीत रोज 'घेतली'.

मी फोन लावला. "बाबा, गोळी घेत नाही तर घेतली म्हणून का दाबता?"

"मग काय दाबू? एकच तर आहे तिथे."

"मी स्वतः केलंय ते. दोन आहेत. तुम्हाला दाखवली होती."

"तेव्हा होती."

"उलट उत्तरं देऊ नका हो बाबा." मी ओरडलेच. बाबांनी फोन ठेवून दिला. त्यांनी मला आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. शाळेत गुण कमी पडले की खोटं मीच सांगायचे.

ताई म्हणते, एक तर खोटं बोलतात, नाही तर डोकं चालत नाही. दोन्हीत एकटं ठेवता येणार नाही. वृद्धनिवासात जागा आहे, तिथे हातात गोळी देतात. पुढच्या रविवारी न्यायचं म्हणते.

२४ मार्च, मंगळवार

ताई रोज सातला फोनवर बसून त्यांना गोळी गिळायला लावते. डॉक्टरांनी लिहिलीय ती, दुप्पट. म्हणते, आता भिंत धरून चालतात, बघ, वय झालंच आहे.

मी हो म्हटलं. न्यायला.

बाबांना कळवलं तर इतकंच म्हणाले, "पटाशी नि रंधा घेऊ देतील का तिथे?"

मला चीड आली. कुणाची ते कळलं नाही. ऑफिसात जाऊन त्या साधनावर काढली.

२६ मार्च, गुरुवार

रविवार अजून सोमवारच्या अंगावरच. मोठ्या अक्षरांची यादी तपासणीवालीने टेबलावर आणून ठेवली. वाचली नाही. परवा बाबांचं सामान बांधायचंय.

२८ मार्च, शनिवार

बाबांकडेच लिहितेय. दोन बॅगा भरून झाल्या होत्या. सातला मोबाईल वाजला. बाबांनी तो माझ्यापुढे धरला. "आज नाही घेणार. काल बाथरूममध्ये पडता पडता वाचलो. आता तूच दाब काय दाबायचं ते."

गोळीचं नाव. खाली, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरांत एकच बटण — 'गोळी घेतली'. दुसऱ्याला जागाच उरली नव्हती. रुंदी शून्य.

त्यांनी कपाटाचं दार उघडून आतली बाजू दाखवली. सुतारी पेन्सिलीच्या अकरा रेघा, प्रत्येकीपुढे तारीख आणि 'नाही घेतली'. म्हणाले, "तिथे सांगता येईना, म्हणून इथे लिहीत होतो."

डॉक्टरांना फोन केला. बॅगा रिकाम्या करतेय. आता ताईला सांगायचंय, बाबा खोटं बोलले नाहीत, मी बोलायला लावलं.